मुंबईच्या घरात अर्क काढायचाय? भांडी निवडण्याआधी हे वाचा

गुलाबपाणी, ओव्याचा अर्क, वाळ्याचं पाणी, गवती चहाचं तेल. या सगळ्यांमागची क्रिया एकच आहे. वनस्पती पाण्यात किंवा वाफेवर तापवायची, वास घेऊन निघालेली वाफ थंड करायची आणि ठिबकणारं पाणी जमा करायचं. शाळेत आपण तिला ऊर्ध्वपातन म्हणून शिकलो. घरी करायची म्हटलं की पहिला प्रश्न भांड्यांचा येतो, आणि बहुतेक नवशिके तिथेच चुकीच्या वस्तूवर पैसे घालतात. चकचकीत तांब्याचं भांडं आधी येतं, वाफ थंड करण्याची सोय मागाहून सुचते. मुंबईत हा क्रम उलटा हवा. इथे अर्क बिघडतो तो नीट थंड न झाल्यामुळे, म्हणून या लेखात पायरी कुठलीही असो, आधी गारव्याचा विचार केला आहे.

त्याआधी कायद्याचं स्पष्ट बोलू. घरी दारू गाळणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, आणि दारू बनवण्याच्या हेतूने भट्टीचं साहित्य जवळ बाळगणंसुद्धा त्यात गुन्हा ठरतं. त्यामुळे इथे सांगितलेल्या कुठल्याही भांड्यात गूळ, साखर, फळं, यीस्ट किंवा आंबवलेलं काहीही घालायचं नाही. हे फक्त पोलिसांच्या भीतीने सांगत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. त्या दारूतलं विष म्हणजे मिथेनॉल, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, चवीवरून ओळखू येत नाही. आपण पानं, फुलं, मुळं आणि मसाले यांच्यापुरतंच राहायचं.

आधी गारव्याचा हिशोब

१ किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ते उकळतं पाणी पुढे कोमट होईपर्यंत आणखी थोडी भर पडते. म्हणजे १ लिटर अर्कामागे साधारण २,५०० किलोज्यूल उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. मे महिन्यात मुंबईतल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशीच्या वरच असतं. २० लिटरच्या बादलीत वाफेच्या नळीची गुंडाळी बुडवून ठेवलीत, तर १ लिटर अर्क निघेपर्यंत त्या बादलीचं तापमान जवळपास ३० अंशांनी चढतं. तिशीचं पाणी साठीवर गेलं की नळीतून अर्काबरोबर वाफही निसटायला लागते. घरभर छान वास सुटला म्हणून आपण खूश होतो, पण तो वास बाटलीत जायला हवा होता.

५० लिटरच्या ड्रममध्ये हीच वाढ १२ अंशांच्या आसपास राहते. नळ चालू ठेवून गार करायचं म्हटलं तर लिटरमागे ४० लिटरच्या घरात पाणी वाहून जातं. ठरावीक वेळच पाणी येणाऱ्या घरात हे परवडणारं नाही, आणि पाणी येत असलं तरी ते गटारात सोडणं योग्यही नाही. बर्फाने भागवायचं तर लिटरमागे साडेपाच किलो लागतो. त्यामुळे मुंबईत सरळ उपाय एकच: मोठा टब, त्यात पाणी फिरवणारी छोटी मोटर, आणि फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या. कूलरमध्ये बसवतात ती बुडणारी मोटर इथे उत्तम चालते. टबातलं पाणी तापलं की बाटल्या बदलायच्या. काम झाल्यावर तेच पाणी लादी पुसायला वापरता येतं.

कन्नौजमध्ये अत्तर काढणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हीच काळजी घेत आले आहेत. तांब्याची देग चुलीवर असते, बांबूचा चोंगा वाफ नेतो आणि भपका नावाचं लांब मानेचं भांडं पाण्याच्या हौदात बुडालेलं असतं. कारागिराचं अर्धं लक्ष आगीवर तर अर्धं त्या हौदाच्या पाण्यावर असतं.

काय काढायचं आहे, ते ठरवा

भांडं वनस्पतीप्रमाणे बदलतं. गुलाबाच्या १ किलो पाकळ्यांमध्ये तेल अर्ध्या मिलीलिटरपेक्षाही कमी असतं, त्यामुळे घरी गुलाबाचं तेल काढण्याच्या मागे लागू नका. गुलाबपाणी मात्र सुंदर निघतं. गवती चहाच्या ताज्या पानांतून किलोमागे ३ ते ५ मिली तेल मिळू शकतं. ओवा त्याहून उदार आहे: १०० ग्रॅममागे २ ते ४ मिली. लवंग तर सगळ्यांत दानशूर. चांगल्या १०० ग्रॅम लवंगेतून १० मिलीहून जास्त तेल निघू शकतं. वाळा चिवट असतो. त्याचं तेल बाहेर यायला अख्खा दिवस आणि रात्र लागते, म्हणून नवशिक्याने वाळ्याचं पाणी काढावं आणि तेल नंतरसाठी ठेवावं. मोगऱ्याचा मोह सगळ्यांना होतो, पण उकळत्या वाफेत त्याचा नाजूक वास टिकत नाही. मोगरा देवाला वाहा, गजऱ्यात माळा, टोपात घालू नका.

सुरुवात गवती चहाने करावी असं माझं ठाम मत आहे. कुठल्याही भाजीवालीकडे पुदिना-आल्याच्या शेजारी त्याची जुडी मिळते. पैसे फार जात नाहीत आणि वास इतका ठसठशीत असतो की चूक झाली तर लगेच कळते. गुलाब हवा असेल तर दादरच्या फूलबाजारात पहाटे जा आणि वासाचा गावठी गुलाब मागा. लांब दांड्याचा डच गुलाब दिसायला देखणा असतो, पण वासाच्या नावाने शून्य. हारासाठीच्या फुलांवर कीटकनाशक फवारलेलं असू शकतं. म्हणून ओळखीच्या माणसाकडून फवारणी न केलेली फुलं मिळाली तरच त्यांचं पाणी चेहऱ्याला लावायचा विचार करावा.

पहिली पायरी: घरातला टोप

पहिल्या महिन्यात काहीही विकत घेऊ नका. लागेल तो स्टीलचा खोल टोप, त्यावर घट्ट बसणारं घुमटाकार झाकण, एक स्टीलची तिवई किंवा उपडी वाटी, तिच्यावर ठेवायला दुसरी वाटी, आणि बर्फ. झाकण काचेचं असेल तर आत काय चाललंय ते दिसतं.

तिवई टोपाच्या मध्ये ठेवा. तिच्याभोवती २०० ग्रॅम पाकळ्या किंवा बारीक चिरलेला गवती चहा पसरा आणि साहित्य बुडेल इतकंच पाणी घाला. पाण्याची पातळी तिवईच्या वर जाता कामा नये. तिवईवर रिकामी वाटी ठेवा, झाकण उलटं लावा, म्हणजे घुमटाचा मधला भाग वाटीवर येईल. झाकणाच्या खळग्यात बर्फ भरा. हा बर्फ खाण्याचाच हवा, कारण वितळलेला एखादा थेंब कडेने आत जाऊ शकतो. गॅस मंद ठेवा. पाणी खदखदायला लागलं तर पानांचा रस उडून वाटीत पडेल आणि अर्क गढूळ होईल. नुसते बुडबुडे दिसत राहतील इतकीच आच पुरे.

अर्ध्या-पाऊण तासात वाटीत १५० ते २०० मिली अर्क जमतो. तिथेच थांबा. पुढे येणाऱ्या पाण्यात वास कमी आणि शिजलेल्या पाल्याची चव जास्त असते. कमी वेळात जास्त अर्क काढायचा हट्ट इथे कामाला येत नाही. या पद्धतीने तेल वेगळं निघणार नाही, ते अपेक्षितही नाही. हाताला आचेचा अंदाज यावा, एवढ्यासाठीच ही पायरी आहे. ती चार-सहा वेळा केली की पुढची खरेदी नेमकी करता येते.

दुसरी पायरी: कुकर आणि काचेचा कंडेन्सर

सर्वांत जास्त लोक या पायरीवर रमतात आणि बऱ्याच जणांना यापुढे जायची गरजही पडत नाही. धोकाही इथेच जास्त आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

कुकर ५ लिटरचा, स्टीलचा आणि आयएसआय चिन्हाचा घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा नको. मसाल्यातले काही घटक आणि आंबट पाला त्या धातूवर परिणाम करतात. हा कुकर नंतर भातासाठी वापरू नका, रबरी रिंगमध्ये बसलेला वास जात नाही. शिट्टी काढून ठेवायची आणि वाफेच्या तोटीवर सिलिकॉनची नळी बसवायची. सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. वाफेला बाहेर पडायची वाट कायम उघडी राहिली पाहिजे. म्हणूनच नळीला पीळ पडू देऊ नका, तिच्यावर क्लिप लावू नका आणि ती कुठेही खाली लोंबकळू देऊ नका. लोंबकळलेल्या जागी पाणी साचतं, वाट तुंबते आणि कुकरमध्ये दाब चढतो. नळी आखूड ठेवा. सिलिकॉनसुद्धा वास शोषून घेतं. साधी रबरी किंवा पीव्हीसीची बागेतली नळी तर अजिबात नको, सुगंधी तेलं तिचा अंश सोबत घेऊन येतात.

आता मुख्य खर्च. मरीन लाइन्सजवळच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर, म्हणजे शामळदास गांधी मार्गावर, प्रयोगशाळेचं साहित्य विकणारी दुकानं आहेत. तिथे लीबिग कंडेन्सर मागा, बोरोसिलिकेट काचेचा, ४०० मिलीमीटर लांबीचा. एका काचेच्या नळीतून वाफ जाते आणि तिच्याभोवतीच्या दुसऱ्या नळीतून गार पाणी वाहतं. तो पकडून ठेवायला स्टँड आणि क्लॅम्पही त्याच वेळी घ्या. ही साधी काच तुमच्या सगळ्या सामानातली सर्वांत मोलाची वस्तू आहे. पुढे भांडं बदललं तरी ती कामाला येते, आत डोकावून स्वच्छ झाली की नाही हे पाहता येतं आणि तिला वास चिकटत नाही.

आच इंडक्शनवर ठेवली तर मला जास्त बरं वाटतं. सुगंधी तेलाची वाफ पेट घेणारी असते, आणि उघड्या ज्योतीशेजारी गळकी नळी हे वाईट जुळवणं आहे. शिवाय इंडक्शनवर आच आकड्यात धरता येते. ६०० वॅटच्या आसपास ठेवलं तर तासाला पाऊण लिटरच्या जवळपास अर्क येतो आणि ४०० मिलीमीटरचा कंडेन्सर तेवढी वाफ सहज थंड करतो. १,५०० वॅटवर तोच कंडेन्सर हार मानतो.

मांडणीचा क्रम असा ठेवा. कुकरच्या तळाशी दीड लिटर पाणी घाला. त्यावर मोदकपात्रातली जाळी बसवा, पाण्याच्या दोन बोटं वर. गवती चहा आदल्या दिवशी पसरून कोमेजू द्या, मग कात्रीने इंचभर तुकडे करून जाळीवर सैल भरा. वरचा एक तृतीयांश भाग मोकळा राहिला पाहिजे, नाहीतर पाती तोटीत अडकतील. गुलाबपाकळ्या जाळीवर ठेवू नका. वाफेत त्या एकमेकींना चिकटून थर धरतात, त्या पाण्यातच सोडा. झाकण लावण्यापूर्वी तोटीतून आणि नळीतून तोंडाने फुंकर मारून पाहा. हवा आरपार गेली तरच पुढे जा.

कंडेन्सर तिरका धरा, बाटलीकडचं तोंड खाली. टबातलं गार पाणी मोटरने खालच्या तोंडाने आत आणि वरच्या तोंडाने बाहेर, म्हणजे बाहेरची नळी पूर्ण भरलेली राहते. आधी मोटर चालू करा, मग आच. जमा करायच्या बाटलीत कंडेन्सरचं टोक बुडवू नका. आच बंद झाल्यावर कुकर थंड होतो तेव्हा जमलेला अर्क उलटा ओढला जाऊ शकतो. मोटरची वायर टबातून सरळ प्लगकडे नेऊ नका. तिला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत पोहोचणार नाही.

थेंब येता येता एकाएकी थांबले आणि आच चालूच असेल, तर आच लगेच बंद करा. नळी उपसू नका, झाकणाला हात लावू नका, कुकर आपोआप गार होऊ द्या. पूर्ण थंड झाल्यावरच तोटी तपासा. वाफ चालू असताना खोली सोडून जायचं नाही, फोन आला तरी नाही.

५ लिटरच्या कुकरमध्ये अर्धा किलोच्या आसपास गवती चहा मावतो. त्यातून साधारण २ मिली तेल आणि अर्धा लिटर अर्क मिळाला तर काम चांगलं झालं असं समजा. तेल वर तरंगतं. अर्क उंच, अरुंद काचेच्या नळकांड्यात ओता, थोडा वेळ स्थिर राहू द्या आणि वरचं तेल ड्रॉपरने उचला.

ओव्यासाठी एक अपवाद लक्षात ठेवा. ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर असतं आणि थंडीत त्याचे खडे होतात. बर्फगार पाणी लावलं तर ते नळीतच बसू शकतात. ओव्याला साध्या, बर्फ न घातलेल्या पाण्याचा कंडेन्सर द्या. ओवा आयत्या वेळी जाडसर कुटा, कुटून ठेवलेल्या ओव्यातून वास आधीच उडून जातो.

तिसरी पायरी: तांबं की स्टील

कुकर अपुरा पडायला लागला, महिन्यातून दोन-चारदा काम होऊ लागलं, की १० लिटरच्या भांड्याचा विचार करावा. पायधुनीजवळच्या तांबा काट्याला तांब्या-पितळेची भांडी पाहायला मिळतात. तांबं उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं आणि काही वनस्पतींतून येणारा गंधकाचा उग्र वास धरून ठेवतं, अर्कात उतरू देत नाही. म्हणूनच जुने अत्तरवाले त्याला सोडत नाहीत. पण तांबं मेहनत मागतं. प्रत्येक वेळी चिंच-मीठ लावून घासा, लगेच कोरडं करा. पावसाळ्यात आठवडाभर ओलसर राहिलं तर हिरवी बुरशीसारखी साय धरतं, आणि ती विषारी असते. अर्काला निळसर-हिरवट छटा दिसली तर तो सरळ ओतून द्या. चेहऱ्याला लावू नका, पिऊ नका.

माझा सल्ला असा: भांडं तांब्याचं घ्यायचं तर घ्या, पण जिथे वाफेचं पाणी होतं तो भाग काचेचा किंवा ३०४ दर्जाच्या स्टीलचा ठेवा. तांब्यातून झिजून येणारा अंश त्या ओल्या भागातूनच जास्त येतो. तांब्याची देखभाल जमणार नसेल तर सगळंच स्टीलचं घ्या, त्यात काही कमीपणा नाही. तांबं इंडक्शनवर चालत नाही, हेही आधीच लक्षात घ्या.

भांडं बनवून घेताना कारागिराला चार गोष्टी विचारा. जोड कशाने दिला? शिशाचं डाख असेल तर भांडं घेऊ नका. झाकण किती रुंद उघडतं? हात आत जाऊन तळ घासता आला पाहिजे. आत सुटी जाळी बसते का? आणि वाफेची नळी किती जाड आहे? अर्ध्या इंचापेक्षा बारीक नको. झाकणाचा सांधा स्क्रूने आवळण्यापेक्षा कणकेने लिंपावा. दाब चढलाच तर कणीक आधी सुटते आणि अनर्थ टळतो. नवीन भांड्यात पहिली खेप नुसत्या पाण्याची काढून फेकून द्या, कारखान्यातलं तेल आणि पॉलिश त्यात निघून जातं.

एसीच्या कामातून उरलेली जुनी तांब्याची नळी कुणी फुकट देत असेल तर घेऊ नका. तिच्या आत कॉम्प्रेसरचं तेल असतं.

तेल मोजायचं असेल तर क्लेव्हेंजर

कुठल्या पानात किती तेल आहे हे नेमकं पाहायची आवड लागली, तर क्लेव्हेंजर उपकरण घ्या. १९२८ मध्ये क्लेव्हेंजर या अमेरिकी शास्त्रज्ञाने ते मांडलं आणि आजही औषधी वनस्पतींच्या प्रयोगशाळांत तेच वापरात आहे. फ्लास्कमधली वाफ वर जाऊन थंड होते, तेल मोजपट्टीच्या नळीत साठतं आणि पाणी पुन्हा फ्लास्कमध्ये परततं. म्हणून थोड्या पाण्यात तासन्‌तास काम चालतं आणि तेलाचा थेंबही वाया जात नाही. अर्क मात्र वेगळा मिळत नाही, हे समजून घ्या. १ लिटरचा फ्लास्क आणि त्याला बसणारा हिटिंग मँटल, म्हणजे फ्लास्क तापवणारं विजेचं आवरण, पुरतो.

खरेदी करताना एक गोष्ट विसरू नका. हलक्या तेलांचं क्लेव्हेंजर वेगळं आणि जड तेलांचं वेगळं असतं. गवती चहा, ओवा, निलगिरी यांची तेलं पाण्यावर तरंगतात. लवंगेचं आणि दालचिनीचं तेल बुडतं. लालबागच्या मसाला गल्लीतून लवंग आणून ती हलक्या तेलाच्या उपकरणात घातलीत, तर तेल तळाशी जाऊन पाण्याबरोबर परत फ्लास्कमध्ये शिरेल. सांध्यांना ग्रीस लावू नका, ते तेलात विरघळतं. टेफ्लॉनचं पातळ आवरण मागा.

बाटलीत गेल्यावर

अर्कात टिकवणारं काहीच नसतं, आणि मुंबईच्या दमट हवेत तो बाहेर ठेवला तर पटकन खराब होतो. उकळून कोरड्या केलेल्या गडद रंगाच्या बाटलीत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा. तंतू दिसले किंवा आंबूस वास आला की फेका. घरी काढलेलं गुलाबपाणी डोळ्यांत घालू नका. आजीच्या काळात घालत असले तरी ते निर्जंतुक नसतं. शुद्ध तेल थेट त्वचेवर लावू नका. निलगिरीचं तेल पोटात गेलं तर लहान मुलांना घातक ठरू शकतं, त्यामुळे सगळी तेलं कुलपात ठेवा. घरात मांजर असेल तर काम करताना तिला दुसऱ्या खोलीत ठेवा, ही तेलं तिला सोसत नाहीत.

प्रत्येक बाटलीवर वनस्पतीचं नाव, वजन, किती पाणी घातलं, किती अर्क काढला आणि तारीख लिहा. पुढचं भांडं किती लिटरचं घ्यायचं हे या चिठ्ठ्यांवरूनच कळेल. शेजारणींना चार बाटल्या देणं वेगळं. विकायचं ठरवलंत, तर त्वचेला लावायच्या वस्तूंच्या उत्पादनाला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. तो मिळण्याआधी लेबल छापायला टाकू नका.